साल्वोरचा पहिला मासा

परवा शाळेचा मास्तर आमच्याकडे कॉफी प्यायला आला. आमच्या या बेटाला डेन्मार्कपासून वेगळा, स्वतःचा झेंडा मिळाल्यापासून त्याला इतिहासाचं वेड लागलंय. म्हणाला, "ब्योर्ग, पोरांना आपला इतिहास शिकवतोय. इथे पहिली होडी कुणी लावली, जुनी सभा कुठे भरायची, नॉर्वेचा राजा कधी आला, मग डेन्मार्कचा कधी आला, कुठल्या डोंगराने आग ओकून किती माणसं मारली. सगळं त्यात आहे."

मी विचारलं, "आणि साल्वोर?"

"कोण साल्वोर? राणी होती का?"

मी त्याच्यासमोरची साखर उचलून फळीवर ठेवली. राणी म्हणे! माझी आई होती ती. आता बसलाच आहेस तर ऐक, म्हटलं, आणि कडू कॉफी पी.

राजा कोपनहेगनला बसायचा. त्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. आमच्यावर राज्य करायचा तो ब्रांदुर, होल्ट नावाच्या मोठ्या वाडीचा मालक आणि गावकीचा कारभारी. आमच्या स्कार्वविकच्या किनाऱ्यावरचं गवत त्याचं, वाहून आलेलं लाकूड त्याचं, मेंढ्या चाटायच्या ते समुद्राचं शेवाळसुद्धा त्याचं. तेव्हाचा कायदा असा, की ज्याच्याकडे जमीन नाही त्याने कुणाच्या तरी घरी चाकर होऊन राहायचं. किनाऱ्यावर झोपडी बांधून आपली चूल आपण पेटवायची तर गावकीची परवानगी लागायची. माझ्या बापाने, एरलेंदुरने, त्या परवानगीसाठी सगळी जवानी ब्रांदुरचं गवत कापण्यात घातली. मिळाली तेव्हा त्याने माती-दगडांचं घर बांधलं, वर गवताचं छप्पर चढवलं, आणि दार मुद्दाम बुटकं ठेवलं. म्हणायचा, "कारभारी आला तरी मान वाकवूनच आत येईल."

आणि ज्याचं पोट हातावर भरत नाही त्याला गावकी पोसायची. पोसायची म्हणजे काय, ते ऐक. वर्षातून एकदा, प्रार्थना झाल्यावर, होल्टला बैठक बसायची. एकेक गरीब पुकारला जायचा: याला कोण ठेवतो? जो सगळ्यात कमी लोणी नि लोकर मागेल, त्याच्या घरी ते माणूस वर्षभर. कमी घेणारा कमी खाऊ घालणार, हे न कळायला लोक काय दूधखुळे होते? पण गावकीचं लोणी वाचत होतं ना. बोली लावायला अट एकच, बोलणारा स्वतः गावकीवर पडलेला नसावा. नवरा एका घरी, बायको दुसऱ्या घरी, पोरं तिसऱ्या-चौथ्या घरी. बाई दुसऱ्या गावची असली तर तिला घोड्यावर बसवायचे आणि हद्दीपार, जिथे जन्मली तिथे, नेऊन सोडायचे. मेंढ्यांची वाटणी करताना आम्ही निदान कानाची खूण तरी बघतो. माणसांच्या वाटणीला तेवढीही अक्कल लागत नसे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. हिवाळी मासेमारी नुकतीच सुरू झाली होती. कोलबेनची सहा वल्ह्यांची होडी परत येत होती, लाटा मोठ्या होत्या. माझा बाप त्या होडीवर वल्हवायचा. होडी धरायला तोच नेहमी आधी उडी मारायचा. त्या दिवशीही मारली. मागून लाट आली आणि तिने होडी उचलून त्याच्यावरच आपटली. माझ्या डोळ्यांदेखत.

त्याला पुरलं. जमीन गोठलेली होती, कुदळीने फोडावी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रांदुर आमच्या दारातून वाकून आत आला.

"वाईट झालं, साल्वोर," तो म्हणाला.

"हो."

"एरलेंदुर चांगला माणूस होता."

"हे तो असताना सांगायचं होतं."

ब्रांदुरने घसा खाकरला. माझा भाऊ इल्लुगी सहा वर्षांचा, त्याचे दंड त्याने बोटांनी चाचपून बघितले. धाकटी माग्गा अजून रांगत होती, तिच्याकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं.

"तुझ्या भल्याचं सांगतो. उपासमार व्हायच्या आधी घर मोडलेलं बरं. तुझा जन्म डोंगरापलीकडच्या दरीतला, तुला तिकडची गावकी बघेल. पोरं एरलेंदुरची, ती आमच्या माथी. या महिन्याअखेरच्या रविवारी बैठक आहे, तेव्हा लावून टाकू."

"मी कुणाकडे मागायला आले का?"

"येशील."

"मग आल्यावर बोला. आता जाताना डोकं सांभाळा."

तरी त्याने ते चौकटीवर आपटून घेतलंच. इल्लुगी हसला. आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण हळू. मग ती चुलीपाशी बसली. मला म्हणाली, "ब्योर्ग, एक ऐकून ठेव. तुम्ही तिघं एका घरात वाढणार. मग मला काहीही करावं लागो."

आई होती दरीतली, मेंढ्यांमधली. समुद्राकडे ती पाठ करून बसायची. तिला त्याचा वासही सोसायचा नाही. आणि अशी बाई दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेली, कोलबेनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एरलेंदुरची जागा मला द्या."

आमच्या भागात बायका वल्हवायच्या, त्यात नवल काही नव्हतं. पण त्या लहानपणापासून होडीत वाढलेल्या. कोलबेनने दाढी खाजवली. बायको-पोरं पोसून थकलेला, तोंडाचा फटकळ, पण मनाने सरळ माणूस. "तू कधी होडीत पाय ठेवलास का?"

"तुम्ही जन्मलात तेव्हा ठेवला होता का?"

बाकीचे हसले. कोलबेनने हनुवटीने किनाऱ्याच्या कडेला पडलेल्या तीन धोंड्यांकडे खूण केली. ते धोंडे कुणाच्या आज्याच्या काळापासून तिथेच आहेत. लहान तो लेचा, मधला तो अर्धा, मोठा तो पुरा. होडीवर जागा हवी त्याने अर्धा धोंडा उचलून कमरेइतक्या उंच खडकावर ठेवून दाखवायचा. लेचा उचलणाऱ्याला घरी पाठवतात, आणि जन्मभर त्याची टिंगल होते.

आईने स्कर्ट कमरेला खोचला. अर्ध्याला मिठी मारली. धोंडा गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. होडीवरचा गिस्ली म्हणून एक होता, जिभेला हाड नसलेला, तो म्हणाला, "सोड गं बाई, मूल नाहीये ते."

आई दातांमधून बोलली, "मूल असतं तर कधीच सोडलं नसतं. आत्ताही नाही सोडत." आणि धोंडा खडकावर चढला. तिच्या हातांची सालटी निघाली होती. तिने ती बघितलीसुद्धा नाही.

कोलबेन म्हणाला, "ठीक आहे. पण नवख्याचा नियम तुलाही लागू. हिस्सा नाही. तुझ्या गळाला लागेल त्यातलं अर्धं तुझं. पहिला मासा लागल्याशिवाय काही नाही."

घरात बापाचे मेंढीच्या कातड्याचे कपडे टांगलेले होते, माशाच्या लिव्हरचं तेल चोळून मऊ केलेले. त्यातच तो गेला होता. आईने ते उतरवले, पाटलोणीचे पाय दुमडून अंगात घातले. शेजारीण धावत आली. "अगं, मेलेल्याचे कपडे! अपशकुन होईल."

"यात मेला तो नवरा माझा," आई म्हणाली. "आणखी काय अपशकुन व्हायचा राहिलाय?"

मी तिला हातमोजे विणून दिले. आमचे समुद्रावरचे मोजे दोन अंगठ्यांचे असतात. वल्ह्याने एक बाजू झिजली की मोजा फिरवून दुसरीकडून घालायचा. मी घाईत एका मोज्याला एकच अंगठा केला होता. आईने तोही तसाच नेला, म्हणाली, "डावा हात जपून वापरीन."

पहिल्या दिवशी ती होडीतून उतरली ती वाळूवर आडवी पडली. पोटात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने ओकत ओकत वल्हं मारलं, पण लय सोडली नाही, असं कोलबेनने त्याच्या बायकोला सांगितलं. मात्र मासा काही लागेना. डावीकडच्याला लागे, उजवीकडच्याला लागे, हिचा गळ रिकामा. गिस्ली म्हणायचा, "साल्वोर, मासे तुला ओळखतात. तू दरीतली म्हणून तोंड फिरवतात." ती गळाला पुन्हा आमिष लावायची. तिच्याकडे बोलायला ताकदच उरली नव्हती.

आणि घरी आम्ही. कोलबेनच्या बायकोने कॉड माशाची सुकी डोकी आणून दिली. आईने ती घेतली, पण "उसनी" असं तिच्याकडून वदवून घेऊन. डोकी संपली. डोंगरावरून आणलेल्या शेवाळाची पेज पाण्यात पातळ होत गेली. इल्लुगी रात्री झोपेत ओठ चघळायचा. मी गावात गेले की लोक माझ्याकडे असं बघायचे, जसं बाजारात आणलेल्या तट्टाकडे बघतात. एका शेतकऱ्याने तर मला थांबवून दात दाखव म्हटलं. मी दाखवले, त्याच्या मनगटात रुतवून.

महिनाअखेर आली. शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बैठक. त्या शनिवारी दुपारी होडी आली तेव्हा किनाऱ्यावर आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावलो. आई गुडघाभर पाण्यात उभी, आणि तिच्या हातात माग्गाच्या उंचीचा कॉड! पोट टम्म, पाठ चकचकीत. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नाही सांगता येत. इल्लुगी तर ओरडायलाच लागला, "आज मासा! आज मासा!"

पण किनारा गप्प झाला होता. कारण तो तिच्या आयुष्यातला पहिला मासा होता, आणि पहिला मासा मरियेचा असतो. पाद्रीबुवा सांगतात की मरियामाउलीची पूजा आपल्यात केव्हाच बंद झाली. झाली असेल. पण लाटांवर गेल्यावर पाद्रीबुवांना कोण विचारतो? पहिला मासा स्वतः खायचा नाही. गावातल्या सगळ्यात गरीब बाईला द्यायचा. तिने मनापासून घेतला की हाताला जन्मभर मासे लागतात. ठेवून घेतला तर समुद्र परत काही देत नाही, आणि अशा माणसाशेजारी कुणी वल्हवायलाही बसत नाही.

गिस्लीने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. त्याच्या बोलण्यात त्या दिवशी टवाळी नव्हती, कीवच होती. "साल्वोर, तुला लांब जायला नको. आपल्याच दारात टाक. तुझ्याहून गरीब बाई गावात आहे कुठे?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मला तेव्हा कळलं नाही, पण कोलबेनला कळलं. तो हळूच म्हणाला, "विचार करून ने. हा मासा तू तुझ्या चुलीवर चढवलास, की सगळ्यात गरीब मी, हे तूच कबूल केलंस. मग ब्रांदुरला काही करायला उरत नाही."

आईने मासा घरी आणला. साफ केला, लिव्हर वेगळं काढून वाडग्यात ठेवलं, आणि सगळंच बाहेर बर्फात पुरलं. इल्लुगी तिच्या पायाला लोंबकळला. "आई, नुसतं शेपूट!"

"शेपूटही मासाच."

"मग एक बोट चाटू दे!"

"नाही म्हटलं ना!" ती ओरडली. आणि मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला इतका राग आला होता तिचा, की मी पेजेचा वाडगा तिच्यापुढे आपटला. तिने त्यातली पेज आमच्या तिघांच्या वाडग्यांत ओतली आणि रिकामा वाडगा पालथा घातला.

रविवारी ती चर्चमध्ये आली ती त्याच कातडी पाटलोणीत. माशाच्या तेलाचा वास सगळ्या बाकांवर पसरला. ब्रांदुरच्या बायकोने नाकाला रुमाल लावला. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवांनी आईला दारात अडवलं. "साल्वोर, बायकांनी पुरुषांचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. समुद्रावर ठीक आहे, पण देवाच्या घरी?"

"ज्या कपड्यात मी पोरांचं पोट भरते ते देवाला चालत असतील," ती म्हणाली. "आणि कायद्याला सांगा, एकदा स्कर्ट घालून वल्हवायला ये."

पाद्रीबुवा खाली बघायला लागले. माणूस वाईट नव्हता, फक्त नेहमी खालीच बघायचा.

मग ती घरी येऊन, बर्फातून मासा काढून, कल्ल्यातून दोरी घालून, खांद्यावर टाकून निघाली. माग्गा माझ्या कडेवर, इल्लुगी मागे फरफटत. होल्टला पोचलो तर बैठक सुरू झालेली. लाकडी भिंतींची मोठी खोली, बाकांवर शेतकरी नि पाद्रीबुवा, दाराशी होडीवाले. आणि बोली आमचीच चालू होती. माझी! मी दारात उभी असताना!

"पोरगी कामाची आहे," मी चावलेला तो शेतकरी म्हणत होता, "पण चावते. एक डबा लोणी घेईन, कमी नाही." इल्लुगीला कुणी दोन मेंढ्यांच्या लोकरीवर घ्यायला तयार होतं. माग्गाला कुणीच नाही. एकजण म्हणाला, "ही अजून चालतही नाही. हिला नुसतं गिळायलाच घालायचं. तीन डबे लोणी."

ब्रांदुरने वर बघितलं. खांद्यावरचा मासा बघितला आणि हसला. "आणलास? बरं केलंस. पण कारभारी लाच घेत नाही, साल्वोर."

"देतंय कोण? बोली चालू आहे ना? मग माझीही ऐका. ही तिन्ही पोरं मी ठेवते. लोणी नको, लोकर नको. काही नको."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. ब्रांदुरचा चेहरा लाल झाला. "तुला बोली लावता येत नाही. पोसणीवरचा माणूस बोली लावत नाही, हा नियम तुला ठाऊक आहे."

"मी पोसणीवर कधीपासून?"

"तोंड वर करून विचारतेस? सगळा गाव इथे आहे. सांग, या गावात तुझ्याहून गरीब बाई कोण? दाखव मला एक!"

हेच तिला हवं होतं. ती त्या वाक्याची वाटच बघत होती, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. ती वळली आणि खोलीबाहेरच्या बोळात गेली. त्या बोळात, बाहेरच्या दाराच्या वाऱ्यात, मेंढ्यांच्या चाऱ्याशेजारी, एका फळकुटावर म्हातारी वाल्का बसायची. गावकीने पोसणीला दिलेली. दरवर्षी बैठकीत ब्रांदुर सगळ्यांत कमी बोली लावून तिला स्वतः ठेवून घ्यायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, कारभाऱ्याला किती दया! ती तिथे इतकी वर्षं लोकर पिंजत बसली होती, की येणारे-जाणारे तिला ओलांडून जायचे. मीही आत्ता ओलांडूनच आले होते.

आई तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "वाल्का, मी एरलेंदुरची साल्वोर. काल माझ्या गळाला पहिला मासा लागला. मरियेचा मासा गावातल्या सगळ्यात गरीब बाईचा असतो. हा तुझा."

वाल्काने मासा मांडीवर घेतला. तिची बोटं त्याच्या पाठीवरून फिरली. तिला नीट दिसत नव्हतं.

आत ब्रांदुर गरजला, "माझ्या घरात कुणी गरीब नाही! ती पोटभर जेवते!"

आईने तिथूनच विचारलं, "मग तिच्या नावाचं लोणी गावकीकडून कशाला घेता?"

आता मात्र हसू आवरेना कुणाला. गिस्ली तर मांडीवर थापा मारायला लागला. कोलबेन पुढे आला. "कालपासून साल्वोर माझ्या होडीवर पूर्ण हिश्श्याची आहे. मरियेचा मासा तिने दिला, घेणारीने घेतला, मी बघितलं. आता जो तिला पोसणीवरची म्हणेल त्याने माझ्या होडीचा मासा मागायला येऊ नये."

ब्रांदुरने पाद्रीबुवांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पाद्रीबुवा जमिनीकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा केली असेल. "नियम असा आहे," ते म्हणाले, "की सगळ्यात कमी बोली धरायची. काही नको, याहून कमी कुणाची आहे का?"

कुणाची असणार?

माझ्या कडेवर माग्गा होती, नाहीतर मी तिथेच नाचले असते. आई आम्हाला घेऊन निघाली. तेवढ्यात मागून आवाज आला, चिरका, पण खणखणीत.

"आणि माझी? माझी बोली का नाही लावत कुणी? आज माझीही बैठक आहे!"

वाल्का उठून उभी राहिली होती. एक हात भिंतीला, एका हातात माशाची दोरी. तिला उभी असलेली कुणी कधी बघितली नव्हती. ब्रांदुरची बायको म्हणाली, "अगं, बस खाली, पडशील!"

"पडले तर पडले. लावा बोली!"

आईने ब्रांदुरकडे बघितलं. मला वाटलं ती आता नको म्हणेल, आहे ती पेज आम्हालाच पुरेना आणि त्यात हे, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. "म्हातारीही माझ्याकडे. काही नको."

"उन्हाळ्याआधी रडत येशील!" ब्रांदुर ओरडला. "पाचही जणं माझ्या दारात येऊन बसाल!"

"तुमचं दार उंच आहे, ब्रांदुर, ते आम्हाला नको," आई म्हणाली. "माझं बुटकं आहे. याल तेव्हा वाकून या."

तो आला. लगेच नाही, पुढच्या हिवाळ्यात. त्याचा जावई पहिल्यांदा समुद्रावर गेला, पहिला मासा लागला, आणि सगळ्यात गरीब बाई कोण हे तर साऱ्या गावासमोर ठरून गेलं होतं. जावयाला सोबत घेऊन, मासा हातात धरून, ब्रांदुर आमच्या दारातून वाकून आत आला. वाल्काने त्याला ताटकळत उभं ठेवलं, आधी विणकामाची ओळ पुरी केली, मग मासा घेतला.

आई पुढे म्हातारी होईपर्यंत वल्हवत राहिली. कोलबेन थकल्यावर सुकाणू तिने धरलं. समुद्राचा वास तिला शेवटपर्यंत सोसला नाही. निघताना प्रत्येक वेळी ती एकदा ओकायची, तोंड पुसायची आणि वल्हं धरायची. उपाशी दिवस पुन्हा आले नाहीत असं नाही. आले, चांगले आले. एका वर्षी समुद्रावर बर्फ धरलं आणि आम्ही चपलांची कातडी उकळून खाल्ली. पण पाचही जणांनी एकाच चुलीवर उकळून खाल्ली. इल्लुगीने त्याच जागेवर लाकडी घर बांधलं तेव्हा आईने दार मात्र बुटकंच ठेवायला लावलं. मास्तर, तुझ्याही कपाळाला आज टेंगूळ आलंय, बघ.

हे सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही घरी आलो तेव्हा वाल्का चुलीपाशी बसली आणि तिने मासा कुणाला हात लावू दिला नाही. "मासा कुणाचा?" तिने विचारलं.

"तुझा," आई म्हणाली.

"मग वाढणार मी."

इतकी वर्षं वाऱ्यात बसून चिरक्या झालेल्या आवाजात ती गुणगुणत होती. मासा शिजला. लिव्हर वरून विरघळलं, घर वासाने भरून गेलं. इल्लुगी तोंडात बोट घालून बसला होता. मी सगळ्यांचे वाडगे मांडले, ज्याचा त्याच्यापुढे. वाल्काने हाताने चाचपून ते सगळे बाजूला सारले आणि भांडंच मधे ठेवलं.

"वेगळं नाही खायचं," ती म्हणाली. "मला चार पोरं होती. या गावाने चौघांना चार घरी नेलं. कोण काय खातंय, कोण खातंय की नाही, मला कधी कळलं नाही. एकात खा. मला ऐकू येऊ दे."

मग तिने हात पुढे केला आणि आमची डोकी मोजली. माझं, इल्लुगीचं, मांडीवरच्या माग्गाचं. हात हवेत थांबला, शोधायला लागला. आई तिच्याजवळ सरकली आणि तिने आपलं डोकं, मिठाने ताठ झालेल्या केसांचं, त्या हाताखाली धरलं.

"चार," वाल्का म्हणाली, आणि माशाचे काटे काढायला लागली.